यंदाचा झेंडा मीच धरणार

१ जानेवारी १९७५, बुधवार

आजपासून ही वही. ही कुणी वाचायची नाही. वाचलीच तर त्याचा हात मोडीन. एप्रिलपर्यंत तेवढी ताकद नक्की आलेली असेल.

गेल्या जयंतीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. चौदा एप्रिलला पहाटे आमच्या वस्तीची दौड असते. झेंड्याच्या ओट्यापासून औरंगाबाद रोडने नाल्याच्या पुलापर्यंत जायचं, पुलाला हात लावायचा आणि परत यायचं. जो पहिला येईल त्याने संध्याकाळी मिरवणुकीच्या पुढे निळा झेंडा धरायचा. वस्तीपासून स्टेशनपर्यंत, मधे कुणाच्या हातात न देता. हा आमच्या बदनापुरातला रिवाज. गेल्या वर्षी मी पहिला आलो. (कडूबाच्या पायात काच गेली होती. नसती गेली तरी मी आलोच असतो.) मंडळातल्या शहाण्यांनी हौसेने झेंड्याला सागाचा दांडा करून घेतलाय, वर पितळी कळस. बांबूला काय धाड भरली होती? पोस्टाच्या वळणावर वारा सुटला, माझे हात लटपटले आणि झेंडा कलला. कडूबा लंगडत माझ्या बाजूनेच चालला होता, दोन्ही हात पसरून, मी सोडणार हे जणू त्याला ठाऊकच होतं. त्याने वरच्या वर झेलला. झेंडा जमिनीला लागला नाही, पण सगळ्या वस्तीने पाहिलं. हलगीवाल्याने तर वाजवायचं थांबवून पाहिलं. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

कडूबा म्हणजे माझा मेहुणा, बेबीनंदाचा धाकटा भाऊ. रेल्वेत गँगमन आहे. दिवसभर रुळांवरून चालतो आणि हातोडा मारतो. याला कुणी व्यायाम म्हणत असेल तर म्हणो.

अप्पाराव, हे वर्ष तुझं.

२ जानेवारी, गुरुवार

प्रश्न असा आहे. दौड जिंकायची तर अंग हलकं पाहिजे. झेंडा पेलायचा तर अंग भारी पाहिजे. पळणारे सगळे काटक्या आणि पहिलवान सगळे उंबऱ्यावर चढताना धापा टाकणारे. दोन्ही एका शरीरात का नाही? कारण कुणी डोकं लावलं नाही. मी हायस्कुलात क्लार्क आहे, मला डोकं लावायची सवय आहे.

दिल्लीहून पोस्टाने पुस्तक मागवलं होतं, ते आलं. हिंदीत आहे. मुखपृष्ठावरच्या माणसाला मान नाही, डोक्याखाली थेट खांदे. छान आहे. पुस्तकाप्रमाणे: पहाटे दौड. संध्याकाळी वजन उचलणे. दूध, तूप, अंडी. भरपूर विश्रांती. आणि शेवटचा नियम ठळक अक्षरात, की क्रोध करू नये, क्रोधाने मांस जळतं.

आजपासून रागवायचं नाही.

५ जानेवारी, रविवार

स्टेशनवर पार्सलच्या काट्यावर वजन केलं. शेहेचाळीस किलो, बुटांसकट. पार्सलबाबू म्हणाला, "लेबल कुठं लावू? आनी पाठवायचं कुठं?" बरोबर आमच्या शाळेचा शिपाई रखमाजी होता. तो इतका हसला की काट्याला धरून बसला. मी रागावलो नाही. फक्त रखमाजीची उद्याची अर्ध्या दिवसाची रजा नामंजूर करून घेतली.

८ जानेवारी, बुधवार

तीन दिवस पहाटे पळालो. आज काट्यावर अर्धा किलो कमी भरलं! म्हणजे मी खातो ते औरंगाबाद रोडवर सांडून येतो. संताप आला. मग संतापाने आणखी जळणार म्हणून जास्तच संताप आला.

१४ जानेवारी, मंगळवार

कडूबा गावाकडून आला. त्यांचं गाव वडीगोद्रीच्या पलीकडे. सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, एक मोठा पत्र्याचा डबा पाठवलाय. डिंकाचे लाडू, शुद्ध तुपातले. खारीक, खोबरं, गोडंबी. वेगळ्या पुरचुंडीत अळीव. एक शतावरीची बाटली.

हे सगळं बेबीसाठी. तिला पाचवा महिना चालू आहे. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, अंगात रक्त नाही, वजन वाढलंच पाहिजे, नाहीतर मूल तोळामासा होईल आणि बाईलाही जड जाईल. त्यांच्या गावात नर्स नाही, म्हणून पहिलटकरीण असून बाळंतपण इथेच ठरलंय. सासूबाई मार्चअखेर येणार. तोवर रोज सकाळी एक लाडू दुधाबरोबर खायचा, असा हुकूम. कडूबाने तो मला दोनदा सांगितला. मला! मी काय बहिरा आहे?

एकाच घरात दोघांनी वजन वाढवायचं आहे. बेबीला म्हणालो, बघू कोणाचं आधी वाढतं. ती हसली. तिला शर्यतीतलं काही कळत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

पळणं बंद केलं. हा पळपुटेपणा नाही, ही पद्धत आहे. आधी मांस चढवून घ्यायचं, मग शेवटच्या पंधरवड्यात दम. दम शरीराला आठवत असतो. सायकल येणारा माणूस सायकल विसरतो का?

वजन उचलायला काही नव्हतं म्हणून घरातल्या जात्याची वरची तळी घेतली. पाटाही घेतला. बेबी म्हणाली, "मंग मी चटनी कशावर वाटू?" शेजारी साळूबाईंकडे पाटा आहे. चार पावलं जायला हिला काय होतं? चालणं गरोदर बाईला चांगलं, असं सिस्टरच म्हणाली होती.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. हेडमास्तर अण्णासाहेब दोरी ओढून मोकळे झाले. खांब जमिनीत पुरलेला. याला म्हणतात व्यवस्था. आमच्या मंडळाला हे कधी सुचणार?

३ फेब्रुवारी, सोमवार

एक लाडू खाल्ला. चव पाहिली फक्त. थंडीत ठेवलेलं तूप कधी कधी खवट होतं आणि गरोदर बाईला खवट खायला घालणं बरं नव्हे.

खवट नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका लाडवावरून डब्याचा अंदाज येत नाही. मधल्या थरातले दोन तपासले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुस्तक म्हणतं की मांस वाढवायला तूप, सुका मेवा आणि "बलवर्धक गोंद" हवा. गोंद म्हणजे डिंक! डब्यात जे आहे ते सगळं जसंच्या तसं पुस्तकात आहे. आणि हा डबा महिनाभर माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता. कुणी सांगितलं नाही. या घरात मला कुणी काही सांगत नाही.

बेबीला सगळं समजावून सांगितलं. तिचं वजन मे महिन्यापर्यंत वाढलं तरी चालेल, माझी तारीख चौदा एप्रिल आहे. आधी ज्याची तारीख त्याने आधी खावं, हे सरळ आहे. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "खा. मला तसंबी तुपाचं मळमळून राह्यलं." बघा! तिला जातच नव्हतं. म्हणजे मी खाल्लं नसतं तर वाया गेलं असतं. मीच उगाच महिनाभर मन मारलं.

शतावरीचीही बाटली उघडली. लेबलवर एक जाड बाई आणि गुटगुटीत बाळ. गुणकारी दिसतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

छातीत फरक पडलाय. सदऱ्याचं बटण ताणतंय. छातीचं नाही, त्याच्या खालचं, पण मांस खालूनच वर चढत जातं.

बेबीला दवाखान्यात नेलं. वजन मागच्या महिन्याएवढंच. सिस्टर मला म्हणाली, "भाऊसाहेब, हिला खायला घालता का न्हाई? घरात दूध येतं का?" येतं! रोज शेर दूध येतं! आता ते कोण पितं हा आमचा घरगुती प्रश्न आहे. मी तिच्या काट्यावर उभा राहिलो तर तो स्टेशनच्या काट्यापेक्षा दोन किलो कमी दाखवतो. म्हणजे काटाच खराब. बेबीचंही दोन किलो जास्तच असणार. मी सिस्टरला तसं म्हणालो. तिने दारच दाखवलं.

येताना बेबी वाटेत दोनदा बसली. मी म्हणालो, लवकर चल, माझं अंड्याचं टायमिंग चुकतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कडूबा आला होता. मी वाटीत अळीवाची खीर खात होतो. त्याने वाटीकडे पाहिलं, फळीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, हे बायांना दूध येण्यासाठी खातेत. तुम्हाला आलं का?"

हलकट. नालायक. रेल्वेचा हातोडा याच्याच पायावर पडला पाहिजे.

संध्याकाळी शाळेतून येताना साळूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काय भाऊसाहेब, कितवा महिना?" म्हणजे कडूबाने सगळीकडे पसरवलं. उद्या हलगीवाल्याला कळेल. परवा पार्सलबाबूला.

अळीव बंद. लाडू चालू.

२ मार्च, रविवार

बेबी पंपावरून दोन घागरी घेऊन येताना घसरली. पडली नाही, भिंतीला धरलं. तरी गल्लीतल्या बायका माझ्याकडे अशा बघतात जसं मीच ढकललं. पाणी मी भरावं म्हणे! पुस्तक वाचलंय का कुणी? स्नायू वाढतात ते विश्रांतीत. संध्याकाळी तळी उचलायची असेल तर सकाळी हात ताजे पाहिजेत. शिवाय घागर हे शास्त्रीय वजनच नाही. पाणी आत हलतं.

मी एवढं समजावून सांगत होतो तर बेबी तिसऱ्या खेपेला निघूनही गेली. ऐकून घ्यायची सवयच नाही.

९ मार्च, रविवार

पार्सलच्या काट्यावर त्रेपन्न किलो! बाबूने दोनदा बघितलं. म्हणाला, "आता मालगाडीनं जावं लागंल." जळतो. सगळे जळतात.

डब्याचा तळ दिसायला लागला. यात मुंग्यांचाही हात आहे.

१७ मार्च, सोमवार

चिडचिड. जिना चढताना दम लागला. शाळेचा जिना सहाच पायऱ्यांचा आहे, पण त्या उंच आहेत. अण्णासाहेबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, मसल वाढतोय. ते म्हणाले, खुर्चीच्या पट्ट्या तुटायला लागल्यात, तो मसल खाली वाढतोय का? हेडमास्तर आहेत म्हणून ऐकून घेतलं. दुसरं कुणी असतं तर रजिस्टर फेकून मारलं असतं.

पळायला अजून वेळ आहे.

२८ मार्च, शुक्रवार

गोजरबाई आल्या. आल्या आल्या बेबीला जवळ घेतलं, तिचं मनगट धरलं आणि बांगडी वर सरकवली. बांगडी कोपरापर्यंत गेली. मग पाय धुवायच्या आधी फळीवरून डबा काढला. झाकण उघडलं.

बाई ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. माझी सगळी उत्तरं तयार होती. पुस्तकही जवळच ठेवलं होतं. पण त्या डब्याकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "जावईबापू, उंदरानं खाल्लं म्हना. मी मानते."

मी म्हणालो, मी खाल्लं. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. तर बेबी मधेच म्हणाली, "मीच दिलं त्यांना. मला जातच नव्हतं आई." गोजरबाई तिला म्हणाल्या, "तू गप. तुला कशानं जाईल?"

माझ्या घरात माझ्यासमोर माझ्या बायकोला गप म्हणतात! पण मी रागावलो नाही. सतरा दिवस राहिलेत.

१ एप्रिल, मंगळवार

पहाटे दम पाहायला निघालो. नाल्याच्या पुलापर्यंत गेलो नाही, मुद्दामच. जिनिंग फॅक्टरीच्या कुंपणापाशी कुशीत कळ आली. तिथेच बसलो. कडूबाची गँग सकाळच्या ड्यूटीला चालली होती. सगळ्यांनी पाहिलं. कडूबाने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "दाजी, यंदा राहू द्या. पुढच्या साली बघू."

म्हणजे घाबरला! माझं वजन बघून घाबरला! नाहीतर एवढं गोड बोलायचं कारण काय?

पाणी प्यायलो. पाण्याशी माझं भांडण नाही.

६ एप्रिल, रविवार

गोजरबाईंनी शेजारून उसनं तूप आणलं आणि बेबीला भातावर घालतात. समोर बसून खायला लावतात. डबा आता त्यांच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली गळ्यात. नवीन लाडू केलेत. मला वास येतो. कोर्सच्या ऐन शेवटच्या आठवड्यात! शर्यत हरलो तर जबाबदार कोण, हे इथे लिहून ठेवतो.

पाणी आता गोजरबाई भरतात. त्यांच्या वयाच्या बाईने भरू नये, हे मला कळतं. पण मी काय करू, चौदा तारीख काही मी ठरवली नाही.

बेबी सिस्टरकडे गेली होती. सिस्टर म्हणाली, उशीर झाला, आता महिन्यात काय भरून निघणार, बिलकुल उठबस करू देऊ नका. उगाच घाबरवतात.

१३ एप्रिल, रविवार

चोपन्न किलो. इतिहासातलं सर्वात जास्त.

संध्याकाळी कोणी नसताना झेंड्याच्या ओट्याजवळ जाऊन दांडा उचलून पाहिला. उचलला! दहा-बारा पावलं चाललो. वळणापर्यंत गेलो नाही, कारण वळण उद्यासाठी. खाली ठेवताना हातांना जराही कंप नव्हता. फार थोडा.

उद्या सगळे बघतील. हलगीवाला विशेष करून.

१४ एप्रिल, सोमवार. पहाट, पाच वाजता

बेबीचं पोट दुखतंय म्हणे. रात्रभर झोपली नाही. दिवस भरायला अजून महिना आहे, तेव्हा ते काही नाही. गोजरबाई म्हणाल्या, "आज जाऊ नका जावईबापू." आज! बाकी सगळे दिवस सोडून आज! बेबीने डोळे मिटूनच म्हटलं, "जाऊ द्या त्यांना, आई. वर्ष झालं वाट बघून राह्यले."

एकटी हीच समजून घेते. निघालो. जयभीम.

१५ एप्रिल, मंगळवार

क्रमाने लिहितो. नाहीतर डोकं फिरेल.

दौड सुरू झाली. तेराजण होतो. कडूबा पुढे गेला, ते चालायचंच. मी वजन सांभाळून मागे राहिलो. पुस्तकात दिलंय की प्रतिस्पर्धी तुमचं मन मोडायचा प्रयत्न करील, तेव्हा कान बंद ठेवा. हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं.

जिनिंगच्या पुढे मागून रखमाजी सायकलवर आला. ओरडत होता. "भाऊसाहेब, घरी चला जल्दी, वहिनीला कळा सुटल्या, पाणी गेलं."

मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला वाटलं, ही कडूबाची चाल. रखमाजीची रजा मी नामंजूर केली होती, तो कडूबाला फितूर असणारच. चोपन्न किलोचा माणूस मागून येतोय म्हटल्यावर ते काहीही करतील. मी त्याला म्हणालो, "चालता हो, नाहीतर तुझी सायकल नाल्यात फेकीन." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग पुढे गेला, कडूबाकडे.

थोड्या वेळाने कडूबा समोरून उलटा येताना दिसला. रखमाजीच्या सायकलवर, उभा राहून पायडल मारत. पुलाला हात न लावता! सायकलवर! मी रस्त्यात हात वर करून ओरडलो, "बाद! बाद! सायकलवर बसला, बाद!" तो माझ्याजवळून जाताना म्हणाला, "दाजी, मागं बसा." मी नाही बसलो. बसलो असतो तर मीही बाद झालो असतो.

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. हेही लिहून ठेवतो.

पुलापर्यंत गेलो, हात लावला. परत येताना बाभळीखाली ओकलो. सगळं पडलं, तूप आणि सगळं. माझ्याजवळून एकेकजण पुढे गेला. मी शिव्या दिल्या, त्यांनाही आणि पुस्तकवाल्यालाही. शेवटून दुसरा आलो. माझ्या मागे जो होता तो पायात गोळा येऊन खालीच बसला होता. पहिला कोण, तर साळूबाईंचा जावई. परतूरहून जयंतीला पाहुणा आलेला आणि गंमत म्हणून पळालेला!

ओट्यापाशी कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. झुंबरबाई तेवढ्या होत्या, मंडळाच्या अध्यक्षांची आई. त्या म्हणाल्या, "तू इथं काय करतो रे? जा की दवाखान्यात."

घरी गेलो. दार उघडं. पाट्याशेजारी जात्याची तळी. घरात कुणी नाही.

मग पळालो. दवाखाना स्टेशनजवळ. खरं तर सकाळभरात मी तेवढंच पळालो.

दवाखान्याच्या पायरीवर कडूबा बसला होता. गंजीफ्रॉक घामाने चिंब. वस्तीत गाडी नव्हती, मिरवणुकीचा ट्रक सजवायला गेला होता, बैलांना जुंपायला वेळ नव्हता. त्याने बेबीला दोन्ही हातांवर उचललं आणि आणलं. वस्तीपासून स्टेशनपर्यंत. पोस्टाच्या वळणावरून. मधे कुणाच्या हातात न देता.

मला त्याला खूप काही बोलायचं होतं. तू बाद आहेस, असंही तोंडात आलं होतं. तोच आधी बोलला. माझ्याकडे न बघता, स्वतःच्या हातांकडे बघत. म्हणाला, "दाजी, अक्काला उचललं तर वजनच न्हाई वो. दोन जीव हायेत, मला वाटलं जड लागंल. झेंड्याएवढीबी न्हाई लागली."

मग तो रडायला लागला. एवढा गँगमन.

मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी. सिस्टर म्हणाली, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती. बेबीला सलाईन लावलंय. बोलत नाही, झोपून आहे.

संध्याकाळी मिरवणूक दवाखान्यावरून गेली. झेंडा साळूबाईंच्या जावयाच्या हातात होता. वळणावर जराही हलला नाही. मी आत होतो, खिडकीतून पाहिलं. हलगी दवाखान्यासमोर थांबवली होती, बाळंतीण आहे म्हणून.

२० एप्रिल, रविवार

संताप. पुस्तकवाल्याला पत्र लिहिलं. त्यात सगळं लिहिलं. पाठवलं नाही. बंबात घातलं, पुस्तकासकट.

पाणी भरलं. चार खेपा. पाणी आत हलतं, हे खरंच आहे.

जो येतो तो मुलीला बघतो आणि म्हणतो, "बापावर गेली." बरगड्या मोजता येतात. काल साळूबाईही तेच म्हणाल्या. त्यांना दवाखान्याबाहेर काढणार होतो. पण पोरगी झोपली होती.

२७ एप्रिल, रविवार

बेबी घरी आली. उठून बसते. गोजरबाई तिला रोज सकाळी ट्रंकेतला एक लाडू देतात आणि संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. आज त्या पाणी तापवायला मागे गेल्या, तर बेबीने लाडू मोडून अर्धा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घ्या. किती वाळले तुम्ही." मी वाळलो! एक्कावन्न किलो आहे मी! पार्सलबाबूला विचारा!

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ती घाबरली नाही. तिने तो अर्धा खाल्ला, मग दुसरा अर्धा खाल्ला. मी संपेपर्यंत समोर बसून राहिलो.

गोजरबाई आत आल्या आणि मला म्हणाल्या, धरा जरा पोरीला, हिचं अंग शेकायचंय. तेरा दिवसांत मी तिला हातात घेतलं नव्हतं. शाळेचं काम होतं, पाणी होतं, बरंच होतं. दोन किलोचं काय ते वजन. मी जात्याची तळी उचललेला माणूस. पण ती हातावर आली आणि माझे हात लटपटायला लागले. कोपरापासून, थांबेचनात. बाई म्हणाल्या, "नीट धरा जावईबापू, मान सांभाळा."

दारात कडूबा उभा होता, ड्यूटीवरून आलेला. तो पुढे आला आणि माझ्या बाजूला उभा राहिला, दोन्ही हात पसरून, गेल्या जयंतीला उभा होता तसाच.

मी त्याला दूर हो म्हणालो नाही.